आईच्या नावाचे गहू

आई चांगली धडधाकट, तरी माझ्या भावाने, स्टेर्गिओसने, कादंबरीत तिला पुरून टाकली. व्होलोस शहराच्या वाचनालयात त्याचा सत्कार होता. आई पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी बसली होती.

वाचन संपलं आणि संयोजकांनी आमच्याकडे मेलेल्याच्या नावाने वाटतात तसे उकडलेले गोड गहू फिरवले. “अहो, पुस्तकात हे गहू आहेत ना, म्हणून!” त्यांच्यातला एक म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्टेर्गिओस हसत होता.

“देव तिला क्षमा करो,” म्हणत जो तो मूठभर घेत होता. आईपुढे कुणीच ताट धरलं नाही.

“घे गं, लोक काय म्हणतील,” आई पुटपुटली. मी घेतले. सवयीने “देव तिला क्षमा करो” बोलूनही गेले.

“ही रिकामीच ना?” आईच्या खुर्चीवर हात ठेवत एका बाईने विचारलं.

तोंडात गहू होते. मी मान खाली घातली.

बाई बसली. आई उठली नव्हती.