पुरेसा वेळ

बाकावर बसून मी प्रत्येकीची मिनिटं मोजत होते. समुपदेशक मॅडम एकेकीला आत बोलावून एचआयव्ही तपासणीचा रिपोर्ट देत होत्या. पहिली दोन मिनिटांत बाहेर आली. दुसरी तर उभ्याउभ्याच कागद घेऊन थळची एसटी पकडायला पळाली. मलाही असंच पटकन सोडू देत, एवढंच मी मनात घोकत होते. शेजारी सासूबाई माझ्या चार महिन्यांच्या प्रज्योतला मांडीवर खेळवत होत्या. त्यांना मी हिमोग्लोबिनची तपासणी आहे असं सांगितलं होतं.

"पाय किती हलवतेस गं," त्या म्हणाल्या. तेवढ्यात माझा नंबर आला.

मी आत गेले. मॅडमनी माझा कागद बघितला, उठून दार लावून घेतलं आणि मोबाईल बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला.

"बसा ताई. पाणी घेता?"

मला तिथेच कळलं.

"बाळाला अंगावर पाजता ना? घाबरू नका. तुमच्या गोळ्या लगेच सुरू करू, त्याचंही रक्त तपासू."

त्या मायेनं, सावकाश समजावत राहिल्या.

बाहेर आले तर नर्सनं अभिप्रायाचा फॉर्म पुढे केला. 'समुपदेशकांनी पुरेसा वेळ दिला का?' मी पेन घेतलं.

"काय इचारलंय?" सासूबाईंनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

"मग व्हय लिही की. बाकीच्यांना आल्या पावली हाकललं तिनं. तुला एकटीला पाऊण तास दिला. तुझं नशीब चांगलं हाय."