लाल दोरी
खेचताच मळणीयंत्र थांबवणारी लाल दोरी आईनं बसवून घेतली, तेव्हा काका हसले होते. "वहिनी, त्या पैशांत चार मजूर जास्त आले असते!" आता कापलेलं पीक उघड्यावर, आभाळ भरून आलेलं आणि मजूर शोधून सापडेनात. तेवढ्यात मजूर बायकांची म्होरकी एकटीच फाटकातून आली. मजुरीबद्दल चकार शब्द नाही! तिनं काकांना यंत्र चालू करायला लावलं आणि दोरी खेचली. धडधड जागच्या जागी गप्प. "परत चालू करा, भाऊ." परत खेचली, परत गप्प! "शेजारचा मळेवाला जास्त मजुरी देतोय, ताई," ती आईला म्हणाली, "पण त्याच्या यंत्राला दोरी नाही." मग रस्त्याकडे वळून तिनं हात उंचावला. त्याला दोनच बोटं होती. आणि बाई गं, बाहेर थांबलेल्या ट्रकमधून चाळीस बायका भराभर आमच्या शेतात उतरल्या!