उताराची माती

वरईचा उभा उतार. लाल वाइनची बाटली. गोऱ्या हातात मूठभर माती.

लुक फ्रान्समधल्या कोत-रोतीचा. त्याने माती हुंगली, तसा हाल्या सावध झाला. डोंगर बघायला येणारा शेवटी डोंगरच मागतो.

"काय पाहिजे याला?" त्याने लेकीला विचारलं.

"काही नाही बा," निलम म्हणाली. "यांचे द्राक्षमळेही असेच उभे. तिथलीच ही वाइन."

"जमीन मिळायची नाही, सांग त्याला."

"नकोच आहे त्याला."

तेव्हा कुठे हाल्याने पेला तोंडाला लावला.

नवशी घराच्या दारातून नवऱ्याला हसली, "आपल्यात मुलाने आणलेली दारू पोरीच्या बापाने घेतली की पोर दिली. विसरलास?"

सकाळी लुक बाटली डहाणू रोडच्या लॉजवरच विसरला होता. निलमने त्याला ती आणायला परत पाठवलं होतं.