मागे बघायचं नाही

"मी मागून बाकावर एकदा टक केलं की हरकत घ्यायची. दोनदा केलं की थांबायचं आणि मुकाट खाली बसायचं," अ‍ॅटर्नी बुएनकामिनो कोर्टाच्या जिन्यातच पुन्हा बजावत होते. "आणि आभाळ कोसळलं तरी मागे वळून बघायचं नाही. मागे बघणारा विद्यार्थी न्यायाधीशबाई लगेच ओळखतात."

लिगायाने मान हलवली. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. वकिलाच्या देखरेखीखाली उभं राहायची परवानगी खिशात होती, तरी ती पुन्हा पुन्हा खिसा चाचपत होती.

"घाबरू नका, अ‍ॅटर्नी," आलिंग पासिता म्हणाली. आरोपी ती आणि धीरही तीच देत होती. कार्यालयात तीनदा तालीम झाली, तेव्हाही शेजारी बसून ती सगळं ऐकत होती.

"अजून अ‍ॅटर्नी नाहीये हो मी."

"परीक्षा तेवढी राहिलीय," बुएनकामिनो म्हणाले. "किरकोळ बाब!"

हसू कुणालाच आलं नाही. डॉक्टरांच्या घरी धुणं धुणाऱ्या या बाईवर सोन्याचा हार चोरल्याचा आरोप होता. आपण त्या दिवशी तापाने घरी पडून होतो, असं ती सांगे, पण साक्षीला कुणी नव्हतं. गुन्हा शाबीत झाला तर म्हातारपण तुरुंगात जाणार होतं. मागच्या तारखेला मुलगी नेनेंग आईच्या गळ्यात पडून रडली होती. आज ती आली नव्हती.

कोर्टात लिगाया उभी राहिली. मागच्या बाकावर बुएनकामिनो आणि त्यांना खेटून आलिंग पासिता. समोर साक्षीदाराच्या जागी डॉक्टरांचा पहारेकरी.

"तुम्ही आरोपीला फाटकातून जाताना पाहिलंत?" लिगायाचा आवाज चिरकला.

"हो."

"चेहरा पाहिलात?"

"पाठमोरी होती. पण जाकीट तिचंच, पिवळं. दर धुण्याला तेच असतं."

लिगायाच्या अंगात जरा बळ आलं. जाकीट दुसऱ्या कुणाचं निघालं, तर खटलाच कोसळणार होता. "मग असं जाकीट घालून त्या घरी आणखी कोण येत होतं?"

पहारेकऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. काहीतरी आठवल्यासारखं त्याने तोंड उघडलं.

टक, टक.

लिगाया थबकली. काय चुकलं होतं? मागे बघायची सोय नव्हती.

"प्रश्न... प्रश्न मागे घेते, युअर ऑनर. आणखी काही विचारायचं नाही."

ती मटकन बसली. बुएनकामिनो धडपडत उठेपर्यंत न्यायाधीशबाईंनी साक्षीदाराला मोकळं करून पुढचा खटला पुकारायला सांगितलंही होतं.

बाहेर आल्यावर ते कडाडले, "अगं, बसलीस काय? तोच तर हुकमाचा पत्ता होता!"

"सर, तुम्हीच दोनदा वाजवलंत." लिगाया रडायच्या बेतात होती.

"मी? माझे दोन्ही हात फायलीवर होते!"

दोघंही आलिंग पासिताकडे वळली. तिने नजर चुकवली नाही.

"ते जाकीट आम्ही दोघी मायलेकी घालतो, अ‍ॅटर्नी," ती म्हणाली. "आणि नेनेंगला सातवा महिना लागलाय."