फळ्यावरची शेपटी

मावशीने दाराकडे एकदा बघून घेतलं, बोटाने फळ्यावरची शेपटी पुसली आणि खडूने ती एक अक्षर अलीकडे काढली.

शेपटी म्हणजे इंग्रजीत वस्तू कुणाची ते सांगणारा, वर लटकणारा स्वल्पविराम. फळ्यावर होतं ‘माय मदर्स बॅग’ आणि शेपटी पार एसच्या पलीकडे. म्हणजे आया अनेक! आता आई काय दोन-चार असतात होय?

शाळेची झाडलोट करताना महिन्याभरात तिने धरलेली ही चौथी चूक. तीही इंग्रजीच्या सरांची! कोपऱ्यात ‘पुसू नये’ लिहून ते घरी जायचे, आणि सकाळी त्या ओळी हिच्यासमोर.

याच इंग्रजीने तिला दहावीत दोनदा नापास केलं होतं. तिसऱ्यांदा बाहेरून बसायचं, तर तयारी झाल्याची सरांची सही हवी. महिन्यापूर्वी तिने फॉर्म दिला. “बघू,” म्हणत त्यांनी तो खणात टाकला. घरी नणंद हसली, “वहिनी, शिंगं मोडून वासरांत शिरताय!”

“शिरते. बघच तू,” मावशी म्हणाली होती.

आज फॉर्मचा शेवटचा दिवस. सही घेतल्याशिवाय हलायचं नाही, हे ती घरूनच ठरवून आली होती.

“मावशी!”

दारात सर. झालं! सही गेली, आता नोकरीही जाणार. तरी खडू काही तिने लपवला नाही.

“आई एकच असते, सर. शेपटी आधी हवी.”

सर फळ्याजवळ आले. “आणि कालच्या ओळीला हात का नाही लावलात?”

काल ‘बॉइज रूम’ होतं. खोली सगळ्या मुलांची, शेपटी शेवटी. पाव तास ती त्या ओळीपुढे उभी होती.

“काल तुमचं बरोबर होतं, सर.”

“होतंच. आधीच्या चुका मी मुद्दाम केल्या होत्या, तुमची तयारी बघायला.” सरांनी खिशातून फॉर्म काढून तिच्या हातात दिला. सही झालेली होती. तारीख कालची.

मावशीचे डोळे भरून आले. तरी तिला राहवेना.

“काल सही केलीत, मग आजची चूक कशाला?”

सरांनी फळ्याकडे बघितलं. कानाची पाळी खाजवली.

“ती मुद्दाम नव्हती, मावशी.”