उजवी सीट

मायदेशी परतणाऱ्या जर्मन इंजिनिअरची जुनी स्पोर्ट्स गाडी सहादेवनं घेतली तेव्हा संगमनेरचा मिस्त्री म्हणाला होता, "पळंल लई, पण स्टिअरिंग डावीकडं हाय. ओव्हरटेक करताना समोरचं दिसायचं न्हाई. उजवीकडं माणूस लागंल." तो माणूस म्हणजे बायको, रतनबाई. सीट खोल, म्हणून ती गोधडीची घडी घालून बसायची, खिडकीतून वाकून पुढं बघायची आणि म्हणायची, "मोकळं हाय, चला." मग गाडी अशी सुटायची की तिला हसू आवरायचं नाही. तिचं दहावं झाल्यावर तो पहिल्यांदाच एकटा निघाला. गाडीपुढं उसाची बैलगाडी लागली. दोन मैल तो बैलांच्या चालीनं मागंच राहिला. शेवटी गाडीवानानं वळून हात केला. "रस्ता मोकळा हाय, जावा की." सहादेवनं उजवीकडं पाहिलं. गोधडीची घडी तशीच होती. "ऱ्हाऊ द्या. मला कुठं घाई हाय."