आईची रेंज

परदेशात नेटचं काय, म्हणून डोकं लढवून तिने एक ई-सिम निवडलं. "चौघांना चार कशाला? तुझ्या फोनमध्ये एकच टाक, आम्ही हॉटस्पॉटवर भागवू," नवऱ्याने फर्मान सोडलं.

हॉटेलचं वायफाय नावालाच होतं, त्यामुळे तिथे पोचल्यापासून तिघं तिच्या मागे शेपटासारखी. दुकानाची काच बघायला ती जरा पुढे गेली की लेक ओरडायची, "आई, थांब ना, नेट जातंय!" बाथरूमला निघाली की मुलगा म्हणायचा, "फोन बाहेर ठेवून जा." पोरं मोठी झाल्यापासून इतकी कधी चिकटली नव्हती. आधी तिला बरंही वाटलं, पण मग जीव गुदमरायला लागला.

एका दुपारी तिने फोन खोलीतल्या टेबलावर ठेवला आणि कुणाला न सांगता एकटीच बाहेर पडली. नदीकाठाने मनसोक्त हिंडली, बाकावर नुसती बसून राहिली. रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा काळजात धस्स झालं. अनोळखी शहर, हातात फोन नाही, घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं असेल! ती धापा टाकत परतली आणि काय सांगायचं ते जुळवत तिने खोलीचं दार उघडलं.

तिघंही टेबलाभोवती, आपापल्या फोनमध्ये डोकं घालून बसली होती.

 

"आलीस का बाथरूममधून?" मान वर न करता नवरा म्हणाला. "तुझा फोन चार्जिंगला लाव बघू, बंद पडेल."